‘नुसतं बघायचे ५,६०० घेतले’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. २०१० ची होंडा सिटी ऑटोमॅटिक, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी ओढत नाही, ही तक्रार घेऊन तुम्ही आला होतात. तुम्ही लिहिलंय की आम्ही गाडी चार दिवस अडकवली, दुरुस्त काहीच केलं नाही, नुसतं बघायचे ५,६०० रुपये घेतले आणि वर ६२,००० चा अंदाज हातात ठेवला. शनिवारी दुपारी तुमचे दोन फोन उचलले गेले नाहीत, ती चूक आमची. तपासणीचे पैसे वेगळे लागतील हे तोंडी सांगितलं होतं, ते जॉब कार्डवर लिहून द्यायला हवं होतं, तीही आमचीच. दोन्हींबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘नुसतं बघितलं’ हे शब्द फार लागले, सर. गिअरबॉक्स बघून कळत नाही. तो बंद डबा आहे. बिलात दोनच ओळी आहेत: तपासणीची मजुरी ३,२०० आणि तीन लिटर ऑइलचे २,४००. त्या दोन ओळींत काय काय आलं ते इथे लिहितो, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून दोन गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं.

गुरुवारी संध्याकाळी गाडी आली तेव्हा आधी ऑइलची लेव्हल घेतली. या ५ स्पीड गिअरबॉक्सची लेव्हल थंड गाडीत घ्यायची नसते. रेडिएटरचा फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत गाडी तापवायची, सपाट जागेवर इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक काढायची. तुमच्या गाडीत ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि डिपस्टिकला बारीक फेस होता. ऑइल जास्त झालं की आतले गिअर ते घुसळतात, त्यात हवा मिसळते, आणि असं फेसाळलेलं ऑइल क्लचला (या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरचा प्लेटांचा वेगळा क्लच असतो, तो ऑइलच्या प्रेशरने दाबला जातो) पुरेसं प्रेशर देत नाही. म्हणजे नुसत्या जादा ऑइलनेही गिअर स्लिप होऊ शकतो. कोणी ऑइल टाकलं होतं का, हे गाडी घेतानाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, हातही लावलेला नाही. शुक्रवारी फोनवर सांगितलंत की महिन्यापूर्वी एका ठिकाणी ‘कुठलंही ऑटोमॅटिकचं चालतं’ म्हणून लिटरभर घातलं होतं. ते आदल्या दिवशी कळलं असतं तर आमचा अर्धा दिवस वाचला असता. राग म्हणून नाही लिहीत, पण बिलावर बोलायचं तर हेही बोलायला हवं.

त्यामुळे ऑइल काढणं भागच होतं. ड्रेन केल्यावर एरवी या गाडीतून अडीच लिटरच्या आसपास निघतं, कारण उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि आतल्या भागांत राहतं. तुमच्या गाडीतून साडेतीन निघालं. अडीच लिटर डीडब्ल्यू-१ (होंडाचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) मापून भरलं, ड्रेन प्लगला नवीन वॉशर टाकला. बाटली लिटरची येते, उरलेलं अर्धा लिटर तुमच्या डिकीत स्टेपनीशेजारी ठेवलंय. एकदा बदललं की आतलं जेमतेम ४० टक्के ऑइल नवं होतं, तीनदा केलं तर ८० टक्क्यांपर्यंत जातं. आम्ही एकदाच केलं, कारण तोपर्यंत ड्रेन प्लग हातात आला होता आणि दोष नुसत्या ऑइलचा नाही हे दिसलं होतं.

त्या प्लगला मॅग्नेट असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट साचणं नॉर्मल आहे, ती प्रत्येक जुन्या गाडीत निघते. तुमच्या प्लगवर पेस्ट काळी होती. ऑइलचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकला तर ऑइल कडेला पसरलं आणि मधे काळे कण तसेच राहिले, वासही करपलेला. ते कण म्हणजे क्लच प्लेटचं लायनर. लोखंडाचे तुकडे मात्र एकही सापडले नाहीत, म्हणजे गिअर आणि बेअरिंग बहुतेक शाबूत आहेत. ही चांगली बातमी आम्ही तुम्हाला दिली होती, ती रिव्ह्यूत आली नाही.

शुक्रवारी सकाळी, रात्रभर उभी राहिलेली गाडी थंड असतानाच ट्रायल घेतली. गिअर नीट पडत होते. मग स्कॅनर लावून कात्रजच्या चढाला नेली आणि ऑइल पूर्ण तापल्यावर तक्रार दिसली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम २,६०० वरून १,८०० च्या आसपास उतरायला हवा होता, तो ३,४०० पर्यंत चढला आणि मग धक्का देऊन गिअर पडला. गाडीच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत पी ०७३३ कोड होता, म्हणजे तिसऱ्या गिअरला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या फेऱ्यांचं गणित जुळत नाही. पण कोडवर आम्ही गिअरबॉक्स खोलत नाही. इंजिनचा आरपीएम वाढला आणि मेनशाफ्टचा (गिअरबॉक्समध्ये ताकद आणणारा दांडा) तसाच राहिला तर दोष टॉर्क कन्व्हर्टरचा. मेनशाफ्टही इंजिनबरोबर वर गेला आणि काउंटरशाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मागे राहिला, तर क्लचच घसरतोय. तुमच्या गाडीत यातली दुसरी गोष्ट झाली. रेकॉर्डिंग ठेवलंय.

तुम्ही म्हणालात की ब्रेक दाबून रेस दिली तर बाहेरचे मेकॅनिक दोन मिनिटांत सांगतात. त्याला स्टॉल टेस्ट म्हणतात. तीही केली, चाकांना ठोकळे लावून, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा कमी. पण उभी गाडी डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) असली की पहिलाच क्लच लागलेला असतो. तिसऱ्याचा दोष त्यात दिसूच शकत नाही.

मग प्रेशर. केसिंगवर प्रत्येक क्लचचा पोर्ट असतो, तिथे गेज लावून एकेक गिअर थंड आणि गरम असा दोनदा मोजावा लागतो. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. गरम झाल्यावरही बाकीच्या क्लचचं प्रेशर टिकलं, म्हणजे पंप आणि स्ट्रेनर (ऑइलची गाळणी) ठीक. तिसऱ्याचा काटा तेवढा खाली आला. शिफ्ट सोलेनॉइडचा (गिअर बदलायला ऑइलची वाट उघडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) रेझिस्टन्स १२ ते २५ ओहममध्ये आहे, १२ व्होल्ट दिल्यावर टक् आवाजही येतो. राहिलं ते तिसऱ्या क्लचच्या पिस्टनचं सील. वयाने ते कडक होतं. थंड ऑइल जाड असतं म्हणून धरतं, गरम झालं की बाजूने निसटतं, प्लेट पुऱ्या दाबल्या जात नाहीत आणि घासून जळतात. ‘सेन्सर बदला, दीड हजारात काम होईल’ असं तुम्हाला कोणी सांगितलंय. तो प्रेशर स्विच आहे. तो प्रेशर आलं की नाही हे कळवतो, प्रेशर देत नाही. तो बदलून आम्हीही तुमचे पैसे घेऊ शकलो असतो.

सील बदलायला गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागतो. ६२,००० मध्ये ती मजुरी, सगळी सील, ओ-रिंग आणि गॅस्केट, तिसऱ्या क्लचच्या फ्रिक्शन आणि स्टील प्लेट, स्ट्रेनर (तो केस उघडल्याशिवाय हाती येत नाही), कूलरची लाइन धुणं आणि पूर्ण ऑइल धरलंय. अंदाज शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवला, रविवारी गॅरेज बंद असतं, तुमचं उत्तर सोमवारी आलं. चार दिवस असे झाले.

तपासणीचे दर आता काउंटरवर लावतोय, फोनचंही बघतो. काम आमच्याकडे केलंत तर ३,२०० त्यातून वजा करू. नाही केलंत तरी चालेल, रिपोर्टचे तीन कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये आहेत, कुठल्याही चांगल्या गॅरेजला दाखवा, त्यांना परत मोजायला लागणार नाही. तोवर एवढं करा: घाट टाळा, अॅक्सिलरेटर हलका ठेवा, कोणी सांगितलं तरी स्लिप थांबवायचं अॅडिटिव्ह घालू नका. डीचा दिवा लुकलुकायला लागला तर पुढे रेटू नका. गाडी ओढून नेऊ नका, पुढची चाकं जमिनीवर फिरता कामा नयेत, फ्लॅटबेड मागवा.

काढलेलं ऑइल बरणीत झाकून ठेवलंय, शेजारी तो टिश्यू आहे. फेकलेलं नाही. दहा ते सातमध्ये कधीही या.