डोमिनो पार्कचे फोटो मला पाठवू नका

निपाणीजवळ, वेदगंगेच्या अंगाला, आमच्या भाऊबंदकीच्या तंबाखूच्या वखारी बंद पडून आहेत. त्यांचं काय करायचं यावरून घरच्या ग्रुपवर रणकंदन चाललंय. दादा म्हणतो एन.ए. करू, प्लॉट पाडू, नदीकडेला वॉकिंग ट्रॅक टाकू. धाकट्या काकांच्या गोटाला बाग हवी. बागेला नाव कुणाचं, पाटीवर मराठी किती, ६० टक्के कन्नडचा कायदा तिथं लागतो का, यावर निम्मे मेसेज. पुरावर एक नाही. त्यात दादानं न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डोमिनो पार्कचा फोटो टाकला, ‘तुझ्याच गावात केलंय की हे, मग आम्हाला का नडतोस?’

माझं गाव म्हणे! मी राहतो क्वीन्सला. पण रविवारी ‘जी’ लाइनची ट्रेन पकडून त्या पार्कात जाऊन बसतो, हे खरं. म्हणून सांगतो, फोटोत काय येत नाही ते.

ते पार्क आहे जुन्या साखर रिफायनरीच्या जागेवर. रिफायनरी १८८२ची, बंद पडली २००४ला. त्याआधी कामगारांनी वीस महिने संप केला होता. पार्क उघडलं २०१८मध्ये, बहुतेक टॉवर त्यानंतर उभे राहिले. आधी बाग, मग घरं. आपल्याकडं ले-आऊटात बागेला सोडलेल्या जागेवर कम्युनिटी हॉल उगवतो. पाण्याकडेची जागा खुली ठेवणं ही बिल्डरची मेहेरबानीही नव्हे. १९९३ पासून न्यूयॉर्कच्या झोनिंगच्या नियमांत तशी अटच आहे. २०१४ला महापालिकेनं आणखी ताणून धरलं, तेव्हा साधारण २,३०० घरांतली ७०० परवडणाऱ्या भाड्याची ठरली. त्या बदल्यात बिल्डरला पंचावन्न मजले मिळाले. पहिल्या इमारतीतल्या अशा १०४ घरांसाठी ८७ हजारांहून जास्त अर्ज आले होते. दादा, तुझ्या ‘रिव्हर व्ह्यू’ प्लॉटांत असं एक तरी घर आहे का?

सिरपच्या टाक्या आणि क्रेन तिथं घासूनपुसून शोभेला मांडल्यात, पोरं खाली सेल्फी काढतात. आमच्या वखारीत अजून पत्रे तापले की जर्द्याचा खकाणा उठतो आणि दारातच शिंका सुरू होतात. ज्या बाया तोंडाला पदर बांधून दिवसभर तो चाळायच्या, त्यांच्यातल्या कितीजणी आजही त्याच वस्तीत भाड्यानं राहतात. त्यांचं नाव ग्रुपवर कुणी काढलेलं नाही. १९८१ला तंबाखूच्या शेतकऱ्यांनी हायवे अडवला, त्या आंदोलनाच्या गोष्टी मात्र प्रत्येक लग्नात सांगतात, जणू तिथं हेच बसले होते.

‘डॉलरमध्ये राहून गप्पा सोप्या आहेत’, हे काकांचं उत्तर. असतील. त्या प्लॉटांचे पैसे मलाही हवेत. इथलं भाडं भरून हातात काय उरतं ते मलाच ठाऊक. तरी सही करवत नाही. तिकडं आमच्या भाषेला सरकार विचारत नाही, इकडं मी कुठला हे सांगायला नकाशा काढावा लागतो. महाराष्ट्र की कर्नाटक विचारलं की मी ‘कोल्हापूरजवळ’ म्हणून सुटका करून घेतो. माझं नाव बिनशर्त लिहिलेलं आहे ते त्या वखारीच्या उताऱ्यावर, तेही चौदा हिस्सेदारांत मधेच कुठंतरी. तुम्ही ते खोडायला निघालात आणि वर म्हणता, अमेरिकेतही असंच करतात.

अमेरिकेत २०१२ला सँडी वादळ आलं तेव्हा त्या पार्कालगतची ईस्ट रिव्हर रस्त्यावर आली होती. तेव्हापासून नदीकाठी काही बांधायचं म्हटलं की पाण्याची पातळी आधी विचारतात. आपल्याकडं २०१९ला आणि पुन्हा जुलै २०२१ला यमगर्णीपाशी वेदगंगेनं हायवे बंद पाडला, तरी प्लॉटिंगच्या नकाशात नदी म्हणजे एक निळी रेघ, बाजूला चार झाडं.

तेव्हा पाटी कन्नडात लावा, मराठीत लावा, दोन्हींत लावा. सहीसाठी फोन कराल तेव्हा मी एवढंच विचारणार आहे की २०२१ला वखारीच्या भिंतीवर पाणी कुठपर्यंत होतं, आणि त्याच्या खाली किती प्लॉट येतात. तो आकडा ग्रुपवर टाका, मग बोलू.