बालवाटिकेत शिकवणार कोण?

बडोद्याच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर आठ दिवस एकच विषय चालू आहे. भाची ११वीला गेली, सीबीएसई शाळा, तिने स्किल सब्जेक्ट म्हणून अर्ली चाइल्डहूड केअर अँड एज्युकेशन, म्हणजे लहान मुलांना सांभाळणं आणि शिकवणं, घेतलं आणि दादाने लिहिलं, "एवढी फी भरून पोरगी आया होणार का?" मग काका, मावशी, सगळेच तुटून पडले. भाचीचा मला वेगळा मेसेज, आत्या तू सांग ना बाबांना, तिकडे तर शाळेतच शिकवतात ना हे.

शिकवतात. मी अमेरिकेत ओहायोत राहते, माझी लेक ११वीपासून हेच शिकतेय. इथे हायस्कूलची शेवटची दोन वर्षं अर्धा दिवस करिअर सेंटरला जाता येतं, कोणी वेल्डिंग शिकतं, कोणी नर्सिंगचं, कोणी हे. हिच्या सेंटरच्या बिल्डिंगमध्येच खरीखुरी नर्सरी आहे, आजूबाजूची तीन-चार वर्षांची पोरं येतात, शिक्षिका देखरेखीला असते पण दिवस चालवतात ही १६-१७ वर्षांची मुलं. १२० तासांचा अभ्यास आणि मुलांसोबत ४८० तास काम झालं की सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) नावाच्या सर्टिफिकेटला अर्ज करता येतो, तोही हायस्कूलमध्ये असतानाच. मग बाहेरचं माणूस येऊन तुम्हाला मुलांसोबत काम करताना बघतं, वर परीक्षा.

मी एकदा तिथे तासभर बसले होते. एका मुलाला जॅकेटची चेन लावता येईना, रडकुंडीला आलेला. माझा हात पुढे गेलाच होता. लेक गुडघ्यावर बसली, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आली, चेनचं खालचं टोक तेवढं अडकवून दिलं आणि थांबली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा त्याने गळ्यापर्यंत ओढली. मग हिने वहीत लिहिलं, ९.१०, डाव्या हाताने कापड धरलं, उजव्याने ओढलं, तिसऱ्या प्रयत्नात. हुशार आहे, हट्टी आहे असलं काही लिहायचं नाही, जे दिसलं तेवढंच. मी दोन पोरं वाढवली पण एवढं थांबून कधी बघितलं नाही हो. हे शिकवावं लागतं, बाई आहे म्हणून आपोआप येत नाही.

पण दादाचं दुसरं म्हणणं मला खोडता येत नाही. तो विचारतो, पगार काय? इथे या कामाला तासाला साधारण १५ डॉलर मिळतात, त्यात घरभाडं निघणं मुश्कील, म्हणून चांगली शिकलेली मुलं दोन-तीन वर्षांत सोडून जातात. अमेरिकेने शिकवायची सोय केली, पैसे द्यायची केली नाही. ही चूक आपण उचलू नये.

आपल्याकडे तर या कामाच्या पगारालाच मानधन म्हणतात. लहानपणी आमच्या गल्लीत तेडागर बेन, म्हणजे आंगणवाडीच्या मदतनीस, यायच्या, कडेवर एक पोर, बोटाला दोन, घरोघरी हाका मारत पोरं आंगणवाडीत न्यायच्या. त्यांना शिक्षिका कोणी म्हटलं नाही. आंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे सांगायला २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं, आणि ती केस आपल्या दाहोदचीच. आता गुजरातमध्ये सहा पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत घेत नाहीत, पाच वर्षांची पोरं बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, बसतात. ग्रुपवर सगळे वयावर भांडतात, एक वर्ष वाया गेलं म्हणतात, पण त्या वर्गात उभी राहणारी बाई काय शिकलीय हे एकानेही विचारलं नाही.

आणि हे बडोद्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते हे गाव. युनिव्हर्सिटीत होम सायन्सची चेतन बालवाडी आहे, तिथे मुली पोरांमध्ये बसूनच शिकतात. ओहायोत मी बघितलं ते आपल्याकडे कधीपासून आहे, फक्त ते कॉलेजात गेल्यावर मिळतं. जी १२वीनंतर लगेच कामाला लागणार तिला कुठे मिळणार? तिला ११वीतच द्या ना.

भाचीच्या शाळेत सध्या काय चालतं तर प्रॅक्टिकल म्हणून फाइलमध्ये बाळांची चित्रं चिकटवायची. खालच्याच मजल्यावर शाळेची नर्सरी आहे, पोरांचा आवाज वर्गात येतो, पण मुलींना तिथे जायची परवानगी नाही. हे ऐकल्यावर मात्र दादाच भडकला, फी भरून चित्रं चिकटवणार का म्हणाला. शनिवारी पॅरेंट्स मीटिंग आहे. आठवड्यातून दोन तास तरी मुलींना खाली बसू द्या एवढंच मागायचं ठरलंय, बोलणार दादा. भाचीने वही आणून ठेवलीय.