म्हणे वेळेच्या दहा मिनिटं आधी!

नागपूरहून निघालेलं आमचं विमान मुंबईत सहारच्या धावपट्टीवर टेकलं आणि घोषणा झाली, ‘आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचलो आहोत.’ दहा मिनिटं आधी! मघापासून खिडकीतून तेच धरण, तोच डोंगर फिरून फिरून दिसत होता, आई सारखी विचारत होती, ‘अगं, हे उतरत का नाही?’ आणि वर आम्हालाच सांगायचं की वेळेआधी आलो! त्यानंतर बे, म्हणजे विमान उभं करायची जागा, रिकामा नाही म्हणून टॅक्सीवेवर, धावपट्टीबाहेरच्या रस्त्यावर, उभे. पट्टे बांधलेले, उठायला मनाई, आईचे गुडघे आखडलेले आणि पाय लांब करायला तसूभर जागा नाही. बे मिळाला तर शिडी नाही. शिडी आली तर बस नाही. बस आली तर ती भरल्याशिवाय हलणार नाही. पण कुणी एकदाही माइक हातात घेऊन सांगितलं नाही की बाबांनो, ते दहा मिनिटांचं चुकलं, माफ करा.

नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर. जेट विमान ताशी ८०० च्या आसपास उडतं, म्हणजे हिशेब तासाभराचा. तिकिटावर छापतात दीड तास किंवा त्याहून जास्त. त्यातली कितीतरी मिनिटं मुद्दाम घातलेली असतात, विमान रखडलं तरी कागदावर वेळेवरच दिसावं म्हणून. शिवाय १५ मिनिटांपर्यंतचा उशीर हिशेबात धरतच नाहीत. लबाडी आहे ही, दुसरा शब्द नाही.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, हे काय काल कळलं? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच सांगितलं होतं की विमानं ४० ते ६० मिनिटं शहरावर घिरट्या घालतात, आणि गर्दीच्या वेळची उड्डाणं कमी करायला लावली होती. तरी आम्ही अजून धरणं बघत बसलोय. जळालेल्या इंधनाचे पैसे कोण भरतं? आपणच.

आणि नियम सगळे आपल्यासाठी. काउंटर तासभर आधी बंद, गेट २५ मिनिटं आधी बंद. दिवाळीत सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, एका बाईला कडेवरच्या बाळासकट परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, विमान समोर उभं असताना! ती रडत होती आणि काउंटरवरचा पोरगा स्क्रीनकडे बघत होता. कंपनीचा उशीर झाला तर? एवढ्या छोट्या उड्डाणाला दोन तास उशीर झाल्याशिवाय खाण्याची जबाबदारीच त्यांच्यावर येत नाही. पावणेदोन तास रखडवा, खायला विचारू नका, सगळं नियमात!

नागपुरात धरमपेठेतून मामाकडे जेवून निघालो, ठाण्यात घराचं कुलूप उघडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. आई म्हणाली, पुढच्या वेळी दुरांतो. ८३७ किलोमीटर, पण रात्री आडवं व्हायचं आणि सकाळी सीएसएमटी. तिला काय उत्तर देणार?

यापुढे तिकीट विकताना दोन वेळा छापायच्या: गेल्या महिन्यात हे विमान रोज धावपट्टीवर किती वाजता टेकलं, आणि शेवटचा प्रवासी सामान घेऊन दाराबाहेर किती वाजता पडला. छापा. हिंमत असेल तर छापून दाखवा.