‘साठच्या लयीत टुकूटुकू’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गिटारची तार पिकने (छेडण्याच्या लहान पट्टीने) आलटून-पालटून खाली-वर छेडण्याच्या पद्धतीवरील, म्हणजे अल्टरनेट पिकिंगवरील, माझ्या लेखावर आणि त्यातल्या साठच्या लयीत (मिनिटाला साठ ठोके) सराव सुरू करण्याच्या सल्ल्यावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. एक चूक आधीच मान्य करतो. गिटारवादक इंग्वे माल्मस्टीन प्रत्येक स्वर काटेकोरपणे खाली-वर अशा आघातांनीच वाजवतो, असे मी म्हटले होते; आरोहात तार बदलताना तो पुष्कळदा एकाच डाउनस्ट्रोकच्या (खाली जाणाऱ्या आघाताच्या) ओघात पुढच्या तारेवर जातो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तेथे काटेकोरपणे खाली-वर वाजवणाऱ्या अल डी मिओलाचे नाव हवे होते. दुरुस्ती केली आहे.

परंतु ‘साठच्या लयीत टुकूटुकू वाजवायला सांगणाऱ्यांना स्वतःला वेगात वाजवता येत नाही, म्हणून ते विद्यार्थ्यांची वर्षे वाया घालवतात’ हे आपले वाक्य मला लागले. मतभेद मांडण्याची ही रीत नव्हे. मी १९ वर्षे गिटार वाजवतो आहे. त्यांपैकी पहिली पाच वर्षे मी वेगाच्याच मागे होतो. १६० च्या लयीत ठोक्याला चार स्वर निघत, पण कोपरापासून पुढचा हात लाकडासारखा ताठ होई, आणि शिकवणाऱ्यांपैकी कोणी माझ्या मनगटाकडे कधी पाहिले नाही. शेवटी अंगठ्याच्या मुळाशी असे दुखणे जडले की चार महिने पिक हातात धरता आले नाही. त्यानंतर मी साठपासून पुन्हा सुरुवात केली. हे सारे सोसलेल्या माणसाला ‘वाजवता येत नाही’ म्हणण्यापूर्वी आपण थोडा विचार करायला हवा होता.

संथ लयीत नेमके काय कळते, तेही सांगतो. तिसऱ्या तारेवर तीन स्वर घ्या: खाली, वर, खाली. तिसऱ्या आघातानंतर पिक तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेच्या मध्ये असते, आणि पुढचा स्वर दुसऱ्या तारेवर अपस्ट्रोकने हवा असतो; म्हणजे ती तार न छेडता ओलांडायची आणि पलीकडून परत यायचे. ही उडी किती उंच जाते, तेवढ्यापुरती मूठ आवळली जाते का, हे साठला डोळ्यांना दिसते. १४० ला फक्त दुसऱ्या तारेची खरखर ऐकू येते, तिचे कारण सापडत नाही. सरोद शिकणारा विद्यार्थी हातात जवा (सरोदची तार छेडण्याची पट्टी) धरून आधी विलंबित लयीत ‘दा रा’ हे आघातांचे बोल घोटतो आणि मग दुगुनीत जातो. त्याची वर्षे वाया गेली, असे आपण म्हणाल काय?

वेगात मनगटाची हालचालच मुळात वेगळी होते, हा आपला मुद्दा, तसेच पिकची जाडी आणि इकॉनॉमी पिकिंग (तार बदलताना त्याच आघाताच्या दिशेने पुढच्या तारेवर जाण्याची पद्धत) यांविषयी आपण जे लिहिले आहे, ते येथे गौण आहे. त्यात मी शिरत नाही. आपण स्वतः किती वर्षे वाजवता, हे मात्र प्रतिक्रियेत कोठेही आढळले नाही. यापुढे लिहिण्याआधी तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवरचे तीन-तीन स्वर साठच्या लयीत वाजवून पाहावेत, आणि चौथा स्वर बाकीच्या पाचांइतकाच भरीव उमटतो का, ते कान देऊन ऐकावे.