त्या टाळ्यांविषयी

आज एका संशोधक प्राध्यापिकेचे डिस्लेक्सिया (बुद्धी असूनही वाचन-लेखन अवघड जाणे), स्वमग्नता (ऑटिझम) आणि समावेशक शिक्षण (सर्व मुलांना एकाच वर्गात शिकवणे) या विषयांवरचे व्याख्यान ऐकले. व्याख्यान उत्तम झाले. संताप आला तो प्रश्नोत्तरांच्या वेळी. एका गृहस्थांनी उठून विचारले, ‘अशा मुलांना नेहमीच्या वर्गात बसवून बाकीच्या हुशार मुलांचे नुकसान का करायचे?’ आणि त्यावर चक्क टाळ्या पडल्या.

‘बाकीच्या हुशार’! म्हणजे ही मुले हुशार नाहीत, हे गृहीतच. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली होती. मुलगा चुणचुणीत, पण वाचन काही केल्या जमेना. सगळे तोंडी शिकवले तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरेल, असे त्याचे मास्तर म्हणत.

माझ्या भाच्याचेही हेच. तिसरीत असताना बहिणीने घरी वाचून दाखवलेला धडा त्याला ऐकूनच पाठ व्हायचा. एकदा वर्गात मोठ्याने वाचताना शब्द अचूक येत होते, पण बोट दोन ओळी खाली फिरत होते. बाईंनी पुस्तक मिटायला लावले, तरी तो न अडखळता पुढे म्हणतच राहिला. वर्ग हसला. प्रगतिपुस्तकात शेरा पडला, ‘लक्ष देत नाही’. नुसते ऐकून धडा पाठ करणारा मुलगा लक्ष देत नाही?

डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांत अडचण असते ती शब्दांतले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडण्यात. आळसाचा तिथे संबंध नाही. त्यातही आपल्या लिपीत उच्चार बराचसा लिहिल्याप्रमाणे असल्यामुळे अशी मुले कशीबशी, अतिशय सावकाश का होईना, पण बरोबर वाचतात, आणि मग ‘येतंय की त्याला’ म्हणून मदतच मिळत नाही. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड लवकर आणि पद्धतशीर घालून दिली तर फरक पडतो. भाच्याला मात्र तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याची शिक्षा मिळाली.

स्वमग्न मुलांनी आपल्यासारखे वागायला शिकावे, हा हट्टही असाच आहे. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ २०१२ पासून सांगत आहेत की एकमेकांना न समजणे स्वमग्न आणि इतर अशा दोन्ही बाजूंनी असते. मग बदलायचे ते एकट्या मुलानेच का? विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावरील जागतिक परिषदेच्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यातही शाळांनीच सर्व मुलांना सामावून घ्यावे, असे म्हटले आहे.

साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाकडून हे होणार नाही, हे मान्य. पण त्या गृहस्थांनी जादा शिक्षक मागितला नाही, मूल बाहेर काढायला सांगितले.

भाच्याच्या त्या बाईंवर आता तितका राग उरलेला नाही. त्यांना हे कोणी शिकवलेच नसावे. चौथीच्या बाईंनी त्याची उत्तरे तोंडी घेतली, लिहायला जास्त वेळ दिला, आणि एका स्वमग्न मुलीसाठी दिवसभराचा क्रम चित्रांसह भिंतीवर लावला, तर सगळा वर्गच तो पाहून दप्तर आवरू लागला. नुकसान झालेले कोणी दिसले नाही. पुढच्या वर्षी बाई बदलल्या, आणि बहिणीला सगळे पहिल्यापासून समजावून सांगावे लागले.