माळ्यावरचा मॉनिटर आणि बाबांचा लॅपटॉप

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईने माळा रिकामा करायला लावला. वरून काय निघालं? एक ढेरपोट्या मॉनिटर, दोन सीपीयू, बिस्किटांच्या डब्यात वायरींचा गुंता आणि फुगून टम्म झालेली मोबाइलची बॅटरी. पंधरा वर्षं 'लागेल कधीतरी' म्हणून आम्ही हे डोक्यावर घेऊन झोपत होतो.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, 14 ऑक्टोबर 2025 ला, विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले. बाबांचा लॅपटॉप 2016 चा. विंडोज 11 ला साधारण 2017-18 नंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हा गेला. एका दुकानात नेला तर दुकानदाराने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "काका, यात आता काही राहिलं नाही. नवीन घ्या, जुन्याचे हजार देतो." बाबा हिरमुसले. लॅपटॉप चांगला चालत होता हो! हळू होता, पण बाबा तरी कुठे घाईत असतात?

मला राग आला तो इथे. लॅपटॉप तयार होताना, म्हणजे खाणीतून धातू काढण्यापासून चिप बनवण्यापर्यंत, जेवढं प्रदूषण होतं, ते बहुतेक वेळा आपण त्याला आयुष्यभर पुरवलेल्या विजेमुळे होणाऱ्या प्रदूषणापेक्षा जास्त असतं. मग त्याची भरपाई करायचा एकच खरा मार्ग उरतो, तो म्हणजे आहे तोच आणखी चार-पाच वर्षं वापरणं. आपण मात्र 'ई-कचरा कुठे टाकू' हा प्रश्न आधी विचारतो. 'हा कचरा आहे का' हा नंतर, किंवा कधीच नाही.

शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीत एक दुरुस्तीवाले दादा भेटले. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क टाकली, रॅम वाढवली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं. फुकटची सिस्टिम, आणि तीही नियमित अपडेट होणारी. खर्च नव्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. (ज्यांना विंडोजच हवंय त्यांच्यासाठी: नाव नोंदवलं तर विंडोज 10 चे सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. दुकानदार हे सांगत नाहीत.) सगळं गोडगोड झालं असंही नाही. बाबांच्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइलींमध्ये अक्षरांची पार खिचडी झाली आणि आठ दिवस मी घरात खलनायक होतो. पण आता बँक, ई-पेपर, नातीशी व्हिडिओ कॉल, सगळं त्याच लॅपटॉपवर.

राहिला माळ्यावरचा ऐवज. भंगारवाल्याने एक मेलेला सीपीयू लगेच उचलला. मॉनिटरला हात लावेना. "काचेचे काय पैसे साहेब?" खरंच आहे त्याचं. मॉनिटरमधली तांब्याची गुंडाळी काढली की उरते शिसं असलेली काच, आणि ती जाते नाल्यात. वायरी जाळून तांबं काढतात, बोर्डावरचं सोनं ॲसिडने काढतात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये अशी कामं करून लोकांनी फुप्फुसं खराब करून घेतली. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला नोंदीनुसार रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला तो जेमतेम 22 टक्के. आपल्याकडे एप्रिल 2023 पासून नवे नियम आहेत, शंभराहून जास्त प्रकारच्या वस्तूंची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे. कागद छान आहे. पण दारात येतो तो भंगारवालाच, आणि त्या कागदात तो मला कुठे दिसला नाही. त्याला चोर ठरवण्यापेक्षा त्याने आणलेल्या मॉनिटरला नोंदणीकृत रिसायकलरकडे भाव मिळाला असता, तर ती काच नाल्यात गेली नसती.

बॅटरी मात्र घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली की पेटते. आणि सीपीयू देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. आमच्यातल्या एका डिस्कमध्ये सगळ्यांची पॅन कार्डं निघाली!

मॉनिटर सध्या जिन्याखाली आहे, सोसायटीच्या पुढच्या ई-कचरा संकलनाची वाट बघत. दुसरा सीपीयू चालू झालाय, तो वाचनालयाच्या नोंदींसाठी देतोय. फक्त रॅम कमी पडतेय. डेस्कटॉपची, डीडीआर थ्री प्रकारची, 4 जीबी. कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी येऊन घेऊन जाईन.