नजरेला नजर

सकाळी मला जाग आली, पण उजव्या डोळ्याला आली नाही. पापण्या घट्ट चिकटलेल्या. कोमट पाण्यातला कापूस धरून पापणीचा एकेक केस सुटा केला, तेव्हा कुठे लालबुंद डोळ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. आत वाळू सलत होती. दुपारपर्यंत डावाही सामील झाला.

२०२३ चा जुलै. आळंदी परिसरातून डोळ्यांच्या साथीच्या बातम्या येत होत्या, तेव्हा पुण्यातली आमची सोसायटी मागे राहणं शक्यच नव्हतं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. बायकोने माझा टॉवेल, उशी, साबण वेगळा काढला. या घरात माझ्या एकट्याच्या मालकीचं असं पहिल्यांदाच काही झालं. वर काळा गॉगल हातात ठेवून म्हणाली, "हा घाल आणि कुणाकडे बघू नकोस."

डोळे आलेल्याच्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात, यावर अख्ख्या सोसायटीची श्रद्धा. माझ्या नजरेत एवढी ताकद असती, तर साहेबांकडे एकदा रोखून बघून मी पगारवाढ नसती का घेतली?

डॉक्टरांनी सांगितलं, हा बहुधा अ‍ॅडिनोव्हायरस. तो नजरेतून जात नाही, हातातून जातो. चोळलेल्या डोळ्यातून बोटावर, बोटावरून लिफ्टच्या बटणावर, तिथून पुढच्याच्या बोटावर आणि त्याच्या डोळ्यात. कोरड्या जागीही तो कित्येक दिवस तग धरतो. अँटिबायोटिक थेंबांना तो जुमानत नाही. "मग उपाय?" "हात धुवा, डोळे चोळू नका आणि वाट बघा." वाट बघायची फी पूर्ण घेतली.

वाट बघताना दुसरं काम नव्हतं, म्हणून स्वतःच्या अश्रूंची चौकशी केली. अश्रूंत लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं. ते शोधलं अलेक्झांडर फ्लेमिंगने, पेनिसिलिनच्याही आधी. सर्दी झाली असताना गड्याने स्वतःचाच शेंबूड जिवाणूंच्या बशीत टाकला आणि आजूबाजूचे जिवाणू विरघळताना पाहिले! १९२२ मध्ये त्याने ते जाहीर केलं. मग अश्रू तपासायचे, तर डोळ्यांत लिंबाची साल पिळून रडायचं. आमच्याकडे कुणी असं केलं असतं, तर आधी त्याचीच दृष्ट काढली असती.

पण लायसोझाइम जिवाणूंच्या भिंती फोडतं, आणि या विषाणूला तशी भिंतच नाही. त्यामुळे मी दिवसभर घळाघळा रडलो ते बरंचसं वाया. मग रक्तातून पांढऱ्या पेशी धावून आल्या. त्यांना वाट द्यायला रक्तवाहिन्या रुंदावल्या, डोळा लाल झाला, सुजला. कानापुढे एक गाठही दुखायला लागली. सकाळची चिपडं म्हणजे रात्रीच्या हाणामारीतला राडारोडा. थोडक्यात, मला छळणारी निम्मीअधिक मंडळी माझ्याच पक्षाची होती.

खालच्या मजल्यावरचे नाना रोज आमचा पेपर न्यायला येतात. या दिवसांत ते दारात भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि भिंतीलाच १९७१ ची गोष्ट सांगायचे. तेव्हा मुंबईत अशीच साथ आली होती. बंगालात तर लोकांनी तिचं नाव 'जय बांगला' ठेवलं होतं, कारण ऐन बांगलादेशच्या लढ्यात ती उसळली. त्याआधी १९६९ मध्ये घानात ती दिसली, तेव्हा तिकडच्यांनी खापर चंद्रावर फोडून तिला 'अपोलो ११' म्हटलं होतं. (तो विषाणू वेगळा होता, पण भिंतीने हरकत घेतली नाही.)

"नाना, पेपर मी हाताळलाय. निदान हात तरी धुवा."

"हाताने काय होतंय? तू गॉगल काढू नकोस म्हणजे झालं." एवढं बोलून नाना बोटाला थुंकी लावून पान उलटायचे आणि चष्म्याखाली बोट घालून डोळा चोळायचे.

आठवड्याभरात नानाही गॉगल लावून आले. आता दोघंही आलेलेच, म्हणून भिंत सोडून थेट माझ्याकडे वळले.

"परवा जिन्यात तू गॉगल कपाळावर चढवला होतास. मी पाहिलं ना!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला पेपर ओढून घेतला.